कडू गोळी आणि दोन जीव

मैत्रिणींनो, दोन जिवांची बाई घरात असली की तिच्या औषधपाण्याबद्दल आपला एक ठरलेला कायदा असतो. 'या दिवसांत गोळी नको.' डोकं दुखलं, सुंठ उगाळा. सर्दी झाली, वाफ घ्या. पित्त झालं, साळीच्या लाह्या खा. कायदा तसा शहाणपणाचाच आहे. उठसूट गोळ्या गिळणाऱ्या बाईपेक्षा सुंठ उगाळणारी केव्हाही बरी. पण या कायद्याला एक अपवाद आहे, आणि तो मी आमच्या या जंगलपट्टीत राहून शिकले आहे. तो अपवाद म्हणजे हिवताप. पोटुशी बाईला हिवताप झाला, तर भ्यायचं ते तापाला. गोळीला नव्हे.

तुम्ही पुण्या-मुंबईच्या असाल तर म्हणाल, 'हिवतापाचं काय एवढं, चार गोळ्या घेतल्या की उतरतो.' थांबा जरा.

मी १९८४ साली लग्न होऊन अमरावतीहून आलापल्लीला आले. गडचिरोली जिल्हा तेव्हा होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. हे वनखात्यात. क्वार्टरच्या मागं सागवानाचा डेपो आणि त्याच्या मागं जंगल. क्वार्टरच्या भिंतीवर मलेरिया कामगार येऊन गेल्याच्या तारखा लिहिलेल्या असायच्या, जसं दूधवाला हिशेब लिहितो तसं. कुणालाही ताप आला की तो काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवायचा. तपासणीचा निकाल यायला आठ-पंधरा दिवस. तोवर बाई बरी तरी व्हायची, नाहीतर पुन्हा आजारी पडायची.

१९८७ च्या पावसाळ्यात मला पाचवा महिना होता. पहिलटकरीण. थंडी वाजून दात कडकड वाजले, तीन गोधड्या घातल्या तरी हुडहुडी जाईना, मग अंग तव्यासारखं तापलं आणि शेवटी घामानं लुगडं भिजलं. चार गोळ्या घेतल्या, ताप उतरला. वीस दिवसांनी पुन्हा तोच खेळ. पुन्हा क्लोरोक्विन, पुन्हा उतार, पुन्हा ताप. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हा फॅल्सिपेरमचा ताप आहे, आणि यातले काही जंतू आता क्लोरोक्विनला जुमानत नाहीत." मग क्विनाईन सुरू झालं. दिवसातून तीनदा, सात दिवस. काय तिचा कडूपणा सांगू! कानांत सतत रातकिडे ओरडल्यासारखं व्हायचं. हे बोलत असले की मला नुसते ओठ हलताना दिसायचे. (काही बाबतीत ते सोयीचंही होतं म्हणा.)

ताप गेला, पण माझं रक्त पार आटलं. मुलगा झाला तो एक किलो नऊशे ग्रॅमचा. कापसात गुंडाळून वाढवला त्याला. आज तो सहा फुटी गडी आहे. पण ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

त्याच वर्षी आमच्या मागच्या ओळीतल्या एका मुलीचं काय झालं तेही सांगते. तिलाही हाच ताप, चौथा महिना आणि हेच क्विनाईन. तिच्या सासूनं कुठंतरी ऐकलं होतं की क्विनाईननं पोट पडतं. दोन गोळ्या पोटात गेल्या आणि बाकीच्या सासूनं तांदळाच्या डब्यात लपवून ठेवल्या. ताप चढत राहिला. सहाव्या दिवशी पोट पडलं. आणि दोष कुणाला? त्या दोन गोळ्यांना! पुढं कितीतरी वर्षं आमच्या ओळीत ती गोष्ट 'क्विनाईननं काय केलं' म्हणून सांगितली जायची. डब्यातल्या गोळ्यांबद्दल कुणी बोलायचं नाही.

त्या सासूला मी वाईट म्हणणार नाही. नातवंडासाठीच तिनं ते केलं होतं. पण खरं काय ते कुणी मोजून पाहिलं असेल की नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं, की मोजलेलं आहे आणि फार काटेकोरपणे मोजलेलं आहे.

थायलंड आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर माए सोत म्हणून गाव आहे. तिथं ब्रह्मदेशातून पळून आलेल्या कॅरेन लोकांच्या निर्वासित छावण्या होत्या. जंगल आमच्यासारखंच, आणि ताप आमच्याहून हट्टी. एकामागून एक औषध तिथं निकामी होत गेलं. शोक्लो नावाच्या छावणीत फ्रान्स्वा नोस्तेन या डॉक्टरांनी १९८६ साली काम सुरू केलं. त्यांनी एक साधी गोष्ट केली. छावणीतल्या प्रत्येक गर्भार बाईला दर आठवड्याला यायला सांगितलं, ताप असो वा नसो. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि जंतू दिसला की लगेच औषध. अशा हजारो बायकांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. पुढं रोझ मॅकग्रेडी या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७,६१३ बायकांच्या पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब मांडला आणि तो २०१२ साली छापून आला. त्यात काय निघालं? पहिल्या तीन महिन्यांत हिवताप होऊन त्रास झालेल्या बाईचा गर्भ पडण्याचा धोका, ताप न आलेल्या बाईच्या सुमारे चौपट होता. आणि औषधांचं म्हणाल, तर क्लोरोक्विन घेतलेल्या, क्विनाईन घेतलेल्या आणि आर्टेसुनेट घेतलेल्या बायकांत गर्भ पडण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे करणी तापाची होती. उगाच गोळीला फासावर दिलं होतं.

बरं, पोटुशी बाईलाच हा ताप एवढा का बाधतो? याचं उत्तर मला फार चमत्कारिक वाटलं होतं. फॅल्सिपेरमचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीला चिकट करतो, म्हणजे ती रक्ताबरोबर वाहत न जाता कुठंतरी चिकटून बसते. गर्भारपणी त्याला चिकटायला नवीकोरी जागा मिळते, ती म्हणजे वार. बाळाला अन्न पोचवणारी तीच वार. मिखल फ्रीड आणि पॅट्रिक डफी या दोघांनी १९९६ साली दाखवून दिलं, की वारेत बसणारे जंतू तिथल्या एका विशिष्ट पदार्थाला धरून बसतात. आता बघा, बाई जन्मभर हिवतापाच्या गावात राहिलेली असली आणि तिच्या अंगात ताप सोसण्याची ताकद आलेली असली, तरी वारेत बसणाऱ्या जंतूंची तिच्या शरीराला ओळख नसते. कारण आधी वारच नव्हती! म्हणून पहिलटकरणीला सगळ्यांत जास्त धोका. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शरीर थोडं शिकलेलं असतं. आणि जी बाई शहरातून आलेली, जिला हिवताप कधी झालाच नाही, तिला तर कुठलीच ताकद नाही. तिचा ताप बघता बघता डोक्यात जाऊ शकतो.

वारेत जंतू बसले की बाळाचं पोषण तुटतं. ते कमी वजनाचं होतं, लवकर जन्मतं, कधी पोटातच जातं. आईचं रक्त कमी होतं ते वेगळंच. आणि यात आणखी एक मेख अशी, की जंतू वारेत लपून बसलेले असताना बोटातल्या रक्तात ते दिसतीलच असं नाही.

ही मेख आम्हाला २०१५ साली भोवता भोवता राहिली. माझी धाकटी लेक पुण्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. विहीणबाईंनी चारदा विचारलं होतं, "तुमच्याकडं ताप फार ना हो?" मी म्हटलं, "औषध भारलेली मच्छरदाणी आहे, दवाखाना आहे, मी आहे." सातव्यात तिला घेऊन आले. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते, आणि आमच्याकडं धान कापणीच्या सुमाराचे हेच दिवस फॅल्सिपेरमच्या भराचे. संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, पाठ फार दुखतेय गं." रात्री हुडहुडी भरली.

सकाळी एका ठिकाणी रक्त तपासलं. जंतू नाहीत म्हणाले. घरातले सगळे खूश. पण आमच्या वस्तीवरची आशाताई माझ्या अंगणात बसून म्हणाली, "बाई, पोटुशी आहे, ताप आहे. एकदा 'नाही' आलं म्हणून सोडू नका." दुसऱ्या दिवशी तिनंच बोट टोचून पट्टीवर थेंब टाकला. पंधरा-वीस मिनिटं आम्ही त्या पट्टीकडं बघत होतो, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं. रेघ उमटली. फॅल्सिपेरम.

लगेच सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाई वयानं माझ्या लेकीएवढ्याच, पण समजावून सांगण्याची हातोटी मोठी. त्यांनी एक रात्र ठेवून घेतलं, रक्त किती आहे ते बघितलं, साखर बघितली (या तापात गर्भार बाईची साखर एकदम उतरते, आणि क्विनाईन चालू असेल तर जास्तच), बाळाचे ठोके ऐकले. आणि म्हणाल्या, "संयुक्त गोळ्या देते. तीन दिवस."

इतक्यात पुण्याहून विहीणबाईंचा फोन. "सातवा महिना आहे, एवढ्या कडक गोळ्या देऊ नका. तिला गाडीत घालून इकडं आणा, मोठ्या डॉक्टरांना दाखवू." आलापल्लीहून पुणं, मैत्रिणींनो! जवळजवळ हजार किलोमीटर, अंगात ताप आणि पोटात बाळ. मी त्यांना म्हटलं, "विहीणबाई, तुमची सून तशी माझी लेक. मोठे डॉक्टरही हीच गोळी देतील, फक्त दोन दिवस उशिरा." फोन ठेवताना माझा हात थरथरत होता, हे मात्र त्यांना कळू दिलं नाही.

आता या संयुक्त गोळ्या म्हणजे काय, ते सांगते. आमच्या वेळच्या गोळीपेक्षा हे वेगळं प्रकरण आहे.

एकेकाळी सगळं जग क्लोरोक्विनवर विसंबून होतं. आपल्या देशात हिवताप इतका आटोक्यात आला होता की १९६५ साली वर्षाला सुमारे एक लाख रुग्ण उरले होते. मग ढिलाई झाली, आणि १९७६ साली आकडा चौसष्ट लाखांवर गेला. त्याच सुमारास जंतूंनी गोळीलाही ओळखलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि तिकडं दक्षिण अमेरिकेत क्लोरोक्विन हरायला लागलं, आणि १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये ते भारतातही दिसलं. एकटं औषध वापरलं की असंच होतं. कोट्यवधी जंतूंत एखादा असा निघतोच, की ज्याला त्या औषधाचं काही वाटत नाही. बाकीचे मरतात आणि त्याचं रान मोकळं होतं. त्याचीच पिलावळ पुढं डासांतून दुसऱ्या माणसाकडं जाते.

म्हणून मग दोन वेगवेगळ्या जातींची औषधं एकदम द्यायची रीत पडली. एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. दोघांनाही चुकवणारा निघणं फार दुर्मिळ. यातलं एक औषध आर्टेमिसिनिनच्या कुळातलं असतं, जसं आर्टेसुनेट. त्याचा स्वभाव म्हणजे लग्नघरात मदतीला येणाऱ्या चपळ शेजारणीसारखा. आली, तासाभरात भांड्यांचा डोंगर उपसला आणि निघून गेली. आर्टेसुनेट काही तासांतच शरीरातून जातं, पण तेवढ्यात जंतूंचा फडशा पाडतं. दुसरं औषध म्हणजे मुक्कामाला आलेली सावकाश आत्याबाई. ती आठवडे-दोन आठवडे राहून कानाकोपऱ्यातलं एकेक उचलते. नुसती शेजारीण बोलावली तर कोपरे तसेच राहतात आणि ताप उलटतो. नुसती आत्याबाई बोलावली तर डोंगर उपसेपर्यंत पाहुणे उपाशी. म्हणूनच नुसत्या आर्टेमिसिनिनच्या तोंडी गोळ्यांवर आपल्या सरकारनं २००९ मध्ये बंदी घातली.

या आर्टेमिसिनिनची जन्मकथा तर स्वयंपाकघरातच शोभावी अशी आहे. चीनमध्ये तू यूयू नावाच्या संशोधक बाई १९७०च्या सुमारास जुन्या वैद्यकाच्या पोथ्या चाळत होत्या. ज्या वनस्पतीचा अर्क त्या काढत होत्या, त्याचा गुण कधी यायचा, कधी नाही. मग सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीत त्यांना दिसलं, की ती पाल्याची मूठ पाण्यात भिजवून पिळून तो रस घ्यावा. उकळावी असं कुठं म्हटलेलंच नव्हतं! त्यांच्या ध्यानात आलं, की उष्णतेनं गुण जातो. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि तो चालला. रुग्णांना देण्याआधी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ सालचं नोबेल त्यांना मिळालं, नेमकं त्याच ऑक्टोबरात, माझी लेक तापानं फणफणली होती त्या महिन्यात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे बरं का. पण म्हणून कुणी दवण्याचा काढा करून पोटुशी सुनेला पाजू नका. तो निराळा, त्यात हे औषध नाही.

लेकीच्या वेळी आमच्या भागात आर्टेसुनेट आणि त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन अशी जोडी होती. आर्टेसुनेट तीन दिवस रोज एकदा आणि जोडीची गोळी फक्त पहिल्या दिवशी. ईशान्येकडच्या राज्यांत ही जोडी कमी पडायला लागली होती, म्हणून २०१३ पासून तिथं आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन ही दुसरी जोडी आली. तुमच्याकडं कुणाला ही दुसरी जोडी दिली, तर एक लक्षात ठेवा. ती रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहाबरोबर घ्यायची नाही. ल्युमेफँट्रिन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. पेलाभर सायीचं दूध, किंवा तूप घातलेला मऊ भात. गर्भारपणी बाईच्या अंगातलं रक्त-पाणी वाढलेलं असतं, त्यात औषध आधीच पातळ होतं. कॅरेन बायकांच्या रक्तात हे औषध कमी पडतं हे त्या माए सोतच्या डॉक्टरांना दिसलं होतं. तेव्हा तुपाची कंजुषी तिथं कामाची नाही. एरवी मी काटकसरीच्याच बाजूची आहे.

डॉक्टरीण बाईंनी लेकीला आणखी एक प्रश्न विचारला, तो मला फार मोलाचा वाटला. "फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कोणती चालू आहे?" लेकीनं पर्समधून पाकीट काढलं. पाच मिलिग्रॅमची होती. बाई म्हणाल्या, "ही काही दिवस बंद ठेवा. सल्फाडॉक्सिनची जोडी जंतूचं फॉलिकच तोडते. तुम्ही वरून एवढं फॉलिक घातलंत तर औषध लंगडं पडतं. लोहाच्या सरकारी गोळीत अर्धा मिलिग्रॅम असतं, तेवढ्यानं बिघडत नाही." आता सांगा, हे आपण आपल्या मनानं कधी ओळखलं असतं का? म्हणून डॉक्टरांकडं जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. 'ती काय, ताकदीची आहे' म्हणून घरी ठेवू नका.

पहिली गोळी घेतली आणि दहाव्या मिनिटाला लेकीनं उलटून टाकली. नर्सबाई जवळच बसल्या होत्या, गोळी दिल्यावर पाव तास बघायचंच असा त्यांचा नेम. थोडा वेळ पडू दिलं, दोन घोट लिंबूपाणी दिलं, चार चमचे पेज भरवली आणि पुन्हा गोळी दिली. ती टिकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप नव्हता. लेक उठून बसली, केस विंचरले, भाकरी मागितली. आणि तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर, गोळी हातात घेऊन म्हणते कशी, "आई, ताप गेला की गं. आता उगाच बाळाच्या अंगात औषध कशाला?"

शिकलेली मुलगी, पदवीधर. पण पोटात बाळ असलं की शिक्षण एका बाजूला राहतं आणि जीव एका बाजूला. मी तिच्यावर ओरडले नाही. तिला १९८७ ची गोष्ट सांगितली, तिच्या दादाच्या एक किलो नऊशे ग्रॅमची. ताप उतरणं म्हणजे जंतू संपणं नव्हे. अर्ध्यावर सोडलेल्या औषधात वारेतले जंतू मागं उरतात, आणि उरतात ते नेमके चिवट. ती काही बोलली नाही. गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा तांब्या अर्धा रिकामा केला.

घरातल्या इतरांना, म्हणजे त्याच आठवड्यात आमच्या यांनाही ताप आला तेव्हा, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनही दिलं होतं. लेकीला मुद्दाम दिलं नव्हतं. ते गर्भार बाईला चालत नाही, कारण पोटातल्या बाळाच्या रक्तपेशी त्यानं फुटू शकतात. म्हणून घरात एकाचा ताप बरा झाला की त्याच्या उरलेल्या गोळ्या पोटुशीला देऊ नका, ताप तोच असला तरी. शिवाय ताप व्हायवॅक्सचा असेल तर औषधच वेगळं. तिथं क्लोरोक्विन अजून चालतं आणि गर्भारपणातही देतात. कोणता जंतू आहे हे कळल्याशिवाय गोळी नको, म्हणून आधी तपासणी.

आणि महिने कितवे, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. आपल्याकडं बायका लाजतात, पहिल्या तीन महिन्यांत तर घरातही सांगत नाहीत. पण पहिल्या तिमाहीत औषध बदलतं. बरीच वर्षं त्या काळात क्विनाईनच द्यायचे, सात दिवस. २०२२ च्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की पहिल्या तीन महिन्यांतही आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन द्यावं, कारण ते सुरक्षित असल्याचा पुरावा आता पुरेसा आहे. त्या पुराव्यात कॅरेन बायकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींचा मोठा वाटा आहे. तुम्हाला यातलं कुठलं औषध द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण 'मला दिवस गेलेत' हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं. ते काही चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

दहा-बारा दिवसांनी विहीणबाई स्वतः आल्या. खात्री करायला म्हणून त्यांनी आशाताईला पुन्हा पट्टी लावायला सांगितली. रेघ पुन्हा उमटली! विहीणबाई मटकन खाली बसल्या. "बघा, मी म्हटलं नव्हतं!" मीही क्षणभर गार पडले. आशाताई मात्र शांत. म्हणाली, "या पट्टीवर जंतू मेल्यावरही दोन-चार आठवडे रेघ येते. काचेवरचं रक्त बघायला पाठवू." पाठवलं. जंतू नव्हते. तरीही पुढचे दोन महिने दर पंधरवड्याला तपासून घेतलं, आणि रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या, नाचणी, शेवग्याची भाजी आणि खजूर चालू ठेवलं. त्या दिवसापासून विहीणबाईंनीच तिच्या गोळ्यांची वेळ सांभाळली. घड्याळ लावून.

एक मात्र सांगून ठेवते. बाई सुस्त पडली, असंबद्ध बोलायला लागली, झटका आला, डोळे पिवळे झाले, लघवी काळपट किंवा फार थोडी होऊ लागली, दम लागला, पाणीसुद्धा पोटात ठरेना, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर गोळ्यांच्या भरवशावर घरी बसू नका. तिथं आर्टेसुनेटचं इंजेक्शनच लागतं, कितवाही महिना असो, आणि ते मोठ्या दवाखान्यातच. रात्र असली तरी निघा. ताप उतरवायला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन मनानं देऊ नका.

जंतू काही स्वस्थ बसलेले नाहीत, हेही खरं. पश्चिम कंबोडियात आर्टेमिसिनिनला दाद न देणारे जंतू २००९ साली डॉक्टरांनी जगापुढं मांडले, आणि गेल्या काही वर्षांत आफ्रिकेत रवांडा आणि युगांडामध्येही तसे सापडले आहेत. म्हणजे आमच्या क्लोरोक्विनचं झालं ते याही औषधाचं होऊ शकतं. अर्ध्यावर टाकलेली प्रत्येक गोळी जंतूंना त्यात मदतच करते.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, लेकीला मुलगी झाली. दोन किलो सहाशे. विहीणबाईंनी वजनाचा काटा दोनदा बघितला.

मच्छरदाणीचं राहिलं. औषध भारलेली असेल तर ती वरचेवर धुऊ नका, धुवायचीच तर साध्या साबणानं हलक्या हातानं, आणि उन्हात न टाकता सावलीत वाळवा, नाहीतर औषध उतरतं. बाळंतिणीच्या खाटेला ती चारी बाजूंनी गादीखाली खोचून घ्या. आमच्याकडं संध्याकाळी दिवेलागणीला खोचायची रीत आहे, कारण बाळ झोपल्यावर खोचू म्हटलं की डास आधीच आत जाऊन बसलेला असतो.